झेडपी मेंबर ते गृहमंत्री: आर. आर. आबांच्या वाटेने जिल्हा परिषद समजून घेऊ

महाराष्ट्रात कुणी नवीन मंत्री झाला की पेपरात त्याची ओळख छापून येते आणि त्यात एक ओळ हमखास असते, जिल्हा परिषद सदस्य म्हणून राजकारणाला सुरुवात. आपण वाचतो आणि पुढे जातो. शहरात वाढलेल्या बऱ्याच जणांना झेडपी म्हणजे नक्की काय, तिथे निवडून गेलेला माणूस दिवसभर करतो काय, आणि तिथून मंत्रालयापर्यंत पोचायचं तर मधे काय काय लागतं याचा पत्ता नसतो. गावाकडच्यांना असतो, पण आपापल्या तालुक्यापुरता. म्हणून एकाच माणसाची कारकीर्द धरून हे सगळं उलगडायचा विचार आहे, आणि त्यासाठी आर. आर. पाटील, म्हणजे आबा, यांच्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

सोयीचं का? तर पश्चिम महाराष्ट्रात राजकारणात वर चढलेल्या माणसाकडे सहसा काहीतरी जोडीला असतं. साखर कारखाना असतो, नाहीतर जिल्हा बँकेत वजन असतं, दूध संघ असतो, कॉलेजं असतात. त्यामुळे माणूस मोठा झाला तो झेडपीमुळे की कारखान्यामुळे हे सांगताच येत नाही. आबांकडे यातलं काही नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात अंजनी म्हणून छोटं गाव आहे, तिथे १६ ऑगस्ट १९५७ ला जन्म, घरची परिस्थिती बेताची, सांगलीला 'कमवा आणि शिका' करत बीए, मग एलएलबी. आणि १९७९ ला सावळज गटातून थेट सांगली झेडपीवर. वय जेमतेम एकवीस-बावीस. विधानसभेला उभं राहायला २५ पूर्ण लागतात, झेडपीला २१ पुरतात, त्यामुळे त्या वयात राजकारणाची खाज असलेल्या पोराला गावपातळीच्या वर उघडं असलेलं हे सगळ्यात मोठं दार होतं.

आता ते दार नक्की कसलं ते बघू.

झेडपीचा कायदा १९६१ चा, अमलात आला १ मे १९६२ पासून. त्याच्या आधी एक समिती बसली होती, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. गंमत बघा, हे नाईक स्वतः १९४६ ला पुसदचे नगराध्यक्ष होते, तिथून आमदार, मंत्री आणि पुढे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. म्हणजे ज्यांनी ही व्यवस्था आखली तेच खालून वर आलेले. देशपातळीवर बलवंतराय मेहता समितीचं म्हणणं होतं की खरी ताकद तालुक्याला, म्हणजे पंचायत समितीला द्या. नाईक समिती म्हणाली, नाही, जिल्ह्याला द्या. महाराष्ट्राने जिल्ह्याचं ऐकलं आणि त्यामुळे आपल्याकडची झेडपी बऱ्याच राज्यांच्या मानाने दांडगी झाली, गावची प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना, गावाला जोडणारे छोटे रस्ते, नळपाणी योजना, हे सगळं तिच्याकडे आलं. तुमच्या गावची मराठी शाळा अजूनही 'झेडपीची शाळा' म्हणूनच ओळखली जाते ते यामुळे.

रचना तीन मजली. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला झेडपी. जिल्ह्याचे गट पाडतात, एका गटात साधारण तीस-चाळीस हजार लोकसंख्या, म्हणजे दहा-पंधरा-वीस गावं, आणि तिथून एक मेंबर. सगळे मिळून पन्नास ते पंचाहत्तर मेंबर. त्यांच्यातून अध्यक्ष, उपाध्यक्ष, आणि वेगवेगळ्या विषय समित्यांचे सभापती निवडतात. बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, महिला बालकल्याण, अशा समित्या. बांधकामचं सभापतीपद मिळवायला किती मारामाऱ्या होतात ते सांगायला नको. दुसऱ्या बाजूला प्रशासन, त्याच्या डोक्यावर सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, हा बहुतेक वेळा आयएएस, खाली खातेप्रमुख, तालुक्याला बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, गावात ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

यात एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. महाराष्ट्रात आमदार-खासदार झेडपीचे मेंबर नसतात. काही राज्यांत असतात, आपल्याकडे नाहीत, नाईक समितीने मुद्दामच बाहेर ठेवलं, नाहीतर आमदारच सगळं खाऊन टाकतील आणि नवीन माणूस तयार व्हायचा नाही. याचा परिणाम असा झाला की जिल्ह्यात पुढाऱ्यांची एक वेगळी फळी उभी राहिली जिला आमदाराच्या परवानगीशिवाय सभागृहात बोलता येतं, अधिकाऱ्याला जाब विचारता येतो, पेपरात नाव येतं. म्हणूनच आमदाराला विरोधी पक्षाच्या माणसापेक्षा आपल्याच पक्षातला हुशार झेडपी मेंबर जास्त खटकतो. तोच उद्या तिकीट मागणार असतो ना.

बरं, मेंबर करतो काय? खरं सांगायचं तर त्याच्या हातात पैसा फार नसतो. झेडपीचं बजेट ऐकायला मोठं वाटतं पण त्यातला मोठा वाटा शासनाकडून ठरवूनच येतो, शिक्षकांचे पगार, अमुक योजना, तमुक योजना, इकडचा पैसा तिकडे करता येत नाही. स्वतःचा म्हणावा असा पैसा म्हणजे सेस, जमीन महसुलावरचा उपकर वगैरे, त्यातून मेंबरच्या वाट्याला थोडंफार येतं, एखादा पाणंद रस्ता, शाळेची कौलं, समाजमंदिराची फरशी. बाकी सगळं काम म्हणजे पाठपुरावा. कुठली योजना कुठल्या खात्यात आहे, फाईल कुणाच्या टेबलावर अडलीय, इस्टिमेटमध्ये काय घोळ आहे, शाळेला मास्तर का नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर राहतो का, टँकर मंजूर झाला पण आला का नाही. हे रोज. सर्वसाधारण सभेत उठून बोलायचं तर जीआर, म्हणजे सरकारचे लेखी आदेश, वाचून जावं लागतं, नाहीतर खातेप्रमुख दोन वाक्यांत गुंडाळून ठेवतो.

तासगावचा सावळजकडचा पट्टा आज द्राक्षं आणि बेदाण्यासाठी माहीत आहे, पण मूळचा हा दुष्काळी भाग. तिथे मेंबर असणं म्हणजे पाण्याचं आणि रोजगार हमीच्या कामांचं बघणं, आणि योगायोग असा की रोहयोचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला तोही १९७९ लाच. मजुरांना काम निघालं का, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं आली का, मजुरी मिळाली का, यात जो माणूस लक्ष घालतो त्याला लोक विसरत नाहीत.

आबा तिथे १९९० पर्यंत होते, म्हणजे तब्बल अकरा वर्षं. कुणी म्हणेल मुदत तर पाच वर्षांची, मग दोनदा निवडून आले का? तर नाही, १९७९ नंतर झेडपीची पुढची निवडणूक झाली ती थेट १९९२ ला! मधे सरकारांना सवडच झाली नाही म्हणा हवं तर. पाच वर्षांनी निवडणूक घ्यायचं घटनात्मक बंधन आलं ते ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ मध्ये, आणि राज्य निवडणूक आयोग आला १९९४ ला. त्याआधी सगळा सरकारच्या मर्जीचा मामला. निवडणुका लांबल्या हे लोकशाहीच्या दृष्टीने वाईटच, पण एका तरुण मेंबरला त्यातून दहा-अकरा वर्षांची सलग उमेदवारी मिळाली हेही खरं.

पुढची उडी विधानसभेची, आणि इथे बहुतेकांचा खेळ संपतो. गणित सोपं आहे. झेडपीचा गट म्हणजे वीस-पंचवीस हजार मतं, आमदारकीचा मतदारसंघ आजच्या हिशोबाने तीनेक लाख मतांचा. म्हणजे स्वतःच्या गटात तुम्ही कितीही लोकप्रिय असा, बाकीच्या दहाएक गटांत दुसरे मेंबर बसलेत आणि त्यांनाही आमदार व्हायचंय. त्यांना एकतर सोबत घ्या नाहीतर हरवा. कारखाना असेल तर हे काम सोपं जातं, ऊसतोड, नोकऱ्या, सभासद, सगळीकडे आपली माणसं असतात. आबांकडे होतं ते फक्त भाषण, लोकांत मिसळणं आणि अकरा वर्षांच्या ओळखी. १९९० ला काँग्रेसकडून तासगावमधून निवडून आले आणि मग १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, एकदाही पडले नाहीत. १९९५ ला विलासराव देशमुख लातूरमध्ये पडले, भले भले पडले, आबा नाही पडले.

विलासरावांचा विषय निघालाच आहे तर १९९९ चं सरकार जरा बघण्यासारखं आहे. मुख्यमंत्री विलासराव, जे १९७४ ला बाभळगावचे सरपंच होते. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री छगन भुजबळ, मुंबईचे माजी नगरसेवक आणि महापौर. आणि ग्रामविकासमंत्री आबा, आता राष्ट्रवादीत, माजी झेडपी मेंबर. ज्याने अकरा वर्षं झेडपीच्या सभागृहात बसून ग्रामविकास खात्याचे जीआर सोसले तोच आता ते जीआर काढणार होता. मंत्रिमंडळात खाती वाटताना असा विचार करून वाटतात असं मुळीच नाही, तेव्हा ग्रामविकास हे काही फार वजनदार खातं मानलं जात नव्हतं, पण ज्याला मिळालं त्याला त्याची किंमत माहीत होती.

आणि इथे मला वाटतं झेडपीची शाळा सगळ्यात स्पष्ट दिसते. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आज ऐकून काही विशेष वाटणार नाही, स्वच्छतेची अभियानं पैशाला पासरी झालीत. पण ते आखलं कसं होतं ते बघा. तोवरची सरकारी पद्धत म्हणजे अनुदान द्या, संडास बांधा, आकडा वर पाठवा. गावोगावी असे अनुदानाचे संडास होते ज्यात लोक सरपण आणि शेणी ठेवत होते, आणि हे मंत्रालयात बसलेल्याला रिपोर्टमधून कळत नाही, मेंबरला कळतं कारण तो त्या गल्लीतून चालत जातो. अभियानात आधी पैसा द्यायचाच नाही असं ठरलं. गावाने स्वतः झाडायचं, गटारं काढायची, शोषखड्डे करायचे, शाळा-अंगणवाडी नीट करायची, मग कमिटी येऊन मार्क देणार, आणि पहिल्या येणाऱ्या गावांना तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षीस. बक्षिसाच्या रकमेपेक्षा शेजारच्या गावाच्या पुढे जायचं हे खरं इंजिन होतं. ज्याला गावं माहीत आहेत त्याला हे माहीत असतं की अनुदानासाठी गाव एक होत नाही, शेजारच्या गावाला हरवायला होतं. मंत्रीसाहेब स्वतः गावात मुक्काम करून सकाळी खराटा हातात घ्यायचे, त्यामुळे कलेक्टर-सीईओंनाही घ्यावा लागायचा. पुढे केंद्र सरकारने निर्मल ग्राम पुरस्कार आणला त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

सगळी गावं स्वच्छ राहिली का, तर नाही. कमिटी येऊन गेली की दुसऱ्या वर्षी परत पहिले पाढे पंचावन्न असं कित्येक ठिकाणी झालं. पण योजना आखायची पद्धत बदलली.

तीच पद्धत त्यांनी गृहखात्यात नेली. २००३ च्या शेवटी भुजबळांनी राजीनामा दिल्यावर गृहखातं आबांकडे आलं, २००४ ला उपमुख्यमंत्रीपदही. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ही म्हणजे ग्रामस्वच्छतेचीच बहीण. ग्रामसभेने समिती नेमायची, बांधावरची भांडणं, भावकीचे वाद, किरकोळ मारामाऱ्या गावातच मिटवायच्या, पोलीस स्टेशनच्या वहीशी ताळा करून मार्क, आणि गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. कल्पना चांगली. फक्त काही गावांत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष कोण यावरूनच नवीन तंटा लागला, आणि गावातल्या वजनदार माणसाने मिटवलेल्या भांडणात कमजोर बाजूला न्याय मिळतोच असं नाही, बाईमाणसाला तर नाहीच नाही, हा आक्षेपही खरा आहे. पोलीस भरती त्यांच्या काळात सरळ झाली, पैसे न देता गरिबाची पोरं लागली, हे मात्र आजही गावाकडे लोक सांगतात. गडचिरोलीचं पालकमंत्रीपद कुणालाच नको असतं, ते त्यांनी घेतलं होतं.

पण ज्या शाळेने एवढं दिलं तिच्या मर्यादाही गृहखात्यातच उघड्या पडल्या, आणि आबांवर प्रेम करणारे लोक हा भाग पटकन उरकतात.

पहिली गोष्ट डान्सबार बंदी, २००५. गावाकडून बघितलं तर विषय सरळ होता, पोरं जमिनी विकून आलेला पैसा बारमध्ये उडवतायत, घरं बुडतायत, आयाबाया रडतायत, बंद करा. गावात टाळ्या पडल्या. पण कायद्यात तीन तारांकित आणि वरची हॉटेलं, क्लब यांना सूट ठेवली. म्हणजे तोच नाच स्वस्त बारमध्ये वाईट आणि महाग हॉटेलात चालतो, असं. २००६ ला मुंबई हायकोर्टाने नेमकं तिथेच पकडलं, समानतेच्या आणि पोटापाण्याच्या हक्काच्या मुद्द्यावर बंदी रद्द केली आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. दरम्यान हजारो बायकांचं काम गेलं, त्यांचं पुनर्वसन म्हणावं असं काही झालं नाही. ग्रामसभेत बहुमताने ठराव होतो तसा कायदा होत नाही, तो कोर्टात टिकावा लागतो, आणि ज्याच्यावर तो पडतो तो माणूस सभेला नव्हता हेही बघावं लागतं.

दुसरी गोष्ट २६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर हल्ला, १६६ माणसं गेली, आणि गृहमंत्री पत्रकारांसमोर हिंदीत बोलताना असं बोलून गेले की एवढ्या मोठ्या शहरात एखादी अशी घटना होते. त्यांना काय म्हणायचं होतं यावर त्यांची माणसं अजून खुलासा देतात. तासगावच्या चौकात असं वाक्य निघालं असतं तर कुणी तरी आबा असं नका बोलू म्हणून तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं आणि विषय संपला असता, इथे देशभराचे कॅमेरे होते. १ डिसेंबरला राजीनामा. काही दिवसांत विलासरावही गेले. सरपंच आणि झेडपी मेंबर एकाच आठवड्यात.

मला स्वतःला वाटतं तो राजीनामा योग्यच होता. वाक्यासाठी नाही, गृहखात्याच्या जबाबदारीसाठी. २००९ ला जिंकून आल्यावर परत गृहखातंच मिळालं, ते २०१४ पर्यंत. जीभ मात्र परत एकदा घसरली, २०१४ च्या प्रचारात बलात्काराबद्दल असं काही बोलले की माफी मागावी लागली, आणि मागितली. सभा रंगवायची सवय लागलेल्या वक्त्याचा हा कायमचा धोका. १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत लीलावतीत कॅन्सरने गेले, वय फक्त ५७.

आता हाच रस्ता आजच्या २२ वर्षांच्या पोराला आहे का? कागदावर आहे. खरं तर जास्त रुंद आहे, २०११ पासून निम्म्या जागा महिलांना, त्याच्या जोडीला एससी, एसटी, ओबीसी आरक्षण, त्यामुळे पूर्वी ज्यांना सभागृहाचं दारही दिसलं नसतं अशी माणसं आत आली. पण दर निवडणुकीला आरक्षण फिरतं, तुम्ही पाच वर्षं गट बांधला आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्याच प्रवर्गाला गेला की झालं, घरातल्या बाईला उभं करायचं नाहीतर शेजारच्या गटात जायचं. पैशाचंही बदललं. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला, झेडपी मेंबरला त्यात काहीच नाही, सरपंच मेंबरला विचारेना झाले, मेंबर लोक तेव्हा जाम वैतागले होते. पंधराव्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के वरच्या दोघांना असं करून थोडी समजूत काढली.

आणि निवडणुकांचं तर विचारूच नका. २०१७ ला निवडून आलेल्या झेडप्यांची मुदत २०२२ ला संपली, मग ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या कोर्टकज्ज्यात बहुतेक जिल्ह्यांत तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. १९८० च्या दशकात लांबल्या तेव्हा निदान मेंबर खुर्चीत होते, या वेळी खुर्च्याच रिकाम्या. त्या तीन वर्षांत ज्यांचं वय २२-२५ होतं त्यांनी काय केलं? आमदाराचे बॅनर लावले, सोशल मीडिया सांभाळला, वाढदिवसाला केक आणले. जीआर वाचून अधिकाऱ्याला प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

आबांच्या घरातलंच बघा ना. २०१५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या, मोठ्या पक्षांनी उमेदवारच दिला नव्हता, २०१९ ला परत आल्या. मुलगा रोहित २०२४ ला आमदार झाला, पंचविशी गाठल्या गाठल्या. झेडपी लागलीच नाही. पण त्याचं नाव तालुक्याबाहेर पहिल्यांदा गाजलं ते २०२२ च्या जानेवारीत, आणि ते विधानसभेमुळे नव्हे, कवठेमहांकाळच्या नगरपंचायतीमुळे, जिथे बाकी सगळे विरोधात एकत्र आले असताना त्याच्या पॅनेलने सत्ता आणली. स्वतः उमेदवार नव्हता, वयच बसत होतं जेमतेम, पण वॉर्डावॉर्डात फिरून मतं मागितली होती.